घडीचा पक्षी कुणाच्या हातचा?

शंकेखोर : चेहरा तुला साधलाय, त्याबद्दल तक्रार नाही. वर्षानुवर्षं डोक्यावर टोपली वाहिली की मानेला जो ताठपणा येतो तो आलाय. डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या सुरकुत्याही बघून काढल्या आहेस, आठवून नव्हे. माझं भांडण आहे ते तिच्याभोवती उडणाऱ्या कागदी पक्ष्यांशी. एडवणच्या मासळी विकणाऱ्या बाईचा जपानी क्रौंचाशी काय संबंध? आपल्या किनाऱ्यावर क्रौंच दिसत नाही. बगळा दिसतो, कुरव दिसतो, ओहोटीला चिखलात चोच खुपसत पळणारे तुतवार दिसतात. यांतला एकही तुला चालला नाही. चालला तो जगभरच्या भित्तिपत्रकांवर झिजून गुळगुळीत झालेला कागदी पक्षी. तो दिसला की लोक 'आशा' म्हणतात, 'चिवटपणा' म्हणतात आणि पुढच्या चित्राकडे जातात. तुझ्या बाईकडे कोण बघणार? आणि तिच्याभोवती काही लटकवायचंच असेल तर बोंबील लटकव. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. अशा किती जोड्या तिच्या हातांनी आजवर दोरीवर टाकल्या असतील! ती टिकून राहिली याचा पुरावा त्या दोरीवर आहे. त्यासाठी हिरोशिमापर्यंत जायची गरज नाही.

चित्रकार : बोंबील काढायला माझी ना नाही, सर. पण कोळीण म्हटली की टोपली, मासळी, चोपून नेसलेलं लुगडं, हे आपण कॅलेंडरांवर आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत इतकं पाहिलंय की मासळी काढली रे काढली, बाई नाहीशी होते आणि 'कोळीण' उरते. बोंबील तिचा धंदा सांगेल. ती संध्याकाळी काय करते, मनात काय धरून बसते, हे तो कसं सांगणार? पक्षी मी हवेतून आणलेला नाही. तिच्या नातीला शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकवला होता. घोटीव कागदाचा चौकोन घेऊन नात ओटीवर बसली, मान काही केल्या उलटी वळेना, तेव्हा चित्रातल्या या मावशीने कागद हातात घेतला. बोंबलाचे जबडे अडकवणारी बोटं ती. दोनदा कागद फाटला, तिसऱ्यांदा मान वळली. मग ती रोज एक करायला लागली. औषधाच्या दुकानाची पिशवी, लग्नाची पत्रिका, लाइटबिलाची मागची बाजू, मिळेल त्या कागदाचा. तुम्ही म्हणता ते भित्तिपत्रकावरचे पक्षी सगळे एकाच मापाचे आणि पांढरेशुभ्र असतात. हिचे तसे नाहीत.

शंकेखोर : मग लाइटबिलाची अक्षरं पंखावर का दिसत नाहीत? तुझ्या चित्रात तरी ते पांढरेशुभ्रच आहेत.

चित्रकार : हे मान्य. ते बदलते.

शंकेखोर : बदलच. पण माझा मुद्दा तेवढ्याने मिटत नाही. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठव. १९४५-४६ मधलं जलरंगातलं चित्र. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि अर्धी जनता अजूनही त्याला रविवर्म्याचं समजते. रविवर्मा तर १९०६ मध्येच गेले. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी स्वतःच्या मुलीला, गीताला, समोर उभं करून ते केलं. हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा. आशेचं प्रतीक म्हणून दिवा, यापेक्षा वापरून जुनी झालेली कल्पना सापडणार नाही. तरी चित्र का उभं राहतं? दिवा तिथे काम करतो म्हणून. चेहऱ्यावरचा उजेड त्याचा, बोटांच्या फटींतून दिसणारी लाली त्याची, मागे पडलेली सावली त्याची. दिवा काढून टाक, चित्रात काहीच दिसणार नाही. तुझे पक्षी काढून टाक. बाई आहे तशीच राहते, उलट थोडी मोकळी होते. प्रतीक चित्रात राबत नसेल तर ते बिनकामाचं. हे मी तुला नववीत असल्यापासून सांगत आलोय.

चित्रकार : सर, त्याचंच उत्तर शोधत मी दोन आठवडे फक्त एक पक्षी रंगवत होते. कागदाचा पक्षी रंगवायला घेतला की कळतं, पांढरा कुठेच नाही. वरच्या पंखावर समुद्राकडचा निळसर उजेड. मानेच्या घडीत करडा. आणि पोटाखाली, जिथे तो तिच्या तळहाताच्या जवळ येतो तिथे, तिच्या लुगड्याचा हिरवा आणि हाताचा तपकिरी उमटतो. पक्षी हातापासून लांब नेला की तो रंग जातो. हळदणकरांचा दिवा बाईला उजेड देतो. इथे उलट आहे, पक्षी बाईकडून रंग घेतो. म्हणून मी आता सगळे उडणारे पक्षी काढून टाकायचा विचार करतेय. हाताशी असलेले ठेवीन, ज्यांच्यावर तिचा रंग पडू शकतो तेवढेच.

शंकेखोर : हे मला आवडलं. चित्राच्या आराखड्यात मात्र ते कुठेच नव्हतं, हेही सांगतो. आता पुढचं. परकेपणाचं काय? आपल्याच जिल्ह्यात वारल्यांची लिपी म्हणावी अशी चित्रभाषा आहे. डोक्याला डोकं लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवासिनींनी लिहिलेला लग्नाचा चौक, त्यात पालघट देवी. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी सत्तरच्या दशकात ती कागदावर आणली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळेपर्यंत ती जगभर नेली. त्रिकोणच हवे होते तर घरात होते.

चित्रकार : घरात? ते वारल्यांच्या घरात होते, सर. माझ्या नाहीत, मावशीच्याही नाहीत. मी मुंबईत शिकून येऊन त्यांचे त्रिकोण उचलले तर तो जपानी पक्षी उचलण्यापेक्षा मोठा दरोडा ठरेल, कारण जपानी माणूस काही माझ्या शेजारी राहून साड्यांवर छापलेली स्वतःची चित्रं बघत नाही. आणि वारली चित्रात चेहरा नसतो. नाचणाऱ्यांच्या रांगेत कोण कोणाची बाई हे कळत नाही, कळावं अशी अपेक्षाही नाही. एका माणसाला समोर बसवून त्याचे नाक-डोळे उतरवायचे, ही हौस आपल्याकडे जे. जे. स्कूल १८५७ मध्ये निघालं त्यानंतर रुजली. तुम्ही मला कॅनव्हास, तैलरंग, चेहऱ्यावर पाऊण बाजूने पडणारा उजेड शिकवलात, त्यातलं एडवणचं काय होतं? चौकट बाहेरची चालते, पक्षी मात्र गावचा पाहिजे!

शंकेखोर : चौकट दीडशे वर्षांत आपली झाली.

चित्रकार : मग पक्ष्याला किती वर्षं द्यायची ते सांगा. कागदाच्या घड्या इथे नवीन नाहीत. मद्रासेत सुंदर राव यांनी घड्या घालून भूमिती शिकवणारं पुस्तक १८९३ मध्ये काढलं, त्याची दखल जर्मनीत फेलिक्स क्लाइनसारख्या गणितज्ञाने घेतली. आणि परक्या गोष्टीचं काय करायचं याचा धडा तर आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेलाय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला बालवाडी चालवायला आल्या १९४५ मध्ये, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पद्धत माँटेसोरीची, इटलीची. साधनं महागडी. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले आणि त्याच तत्त्वावर पोरांना शिकवलं. पोरं शाळेत येईनात तर शाळा गुरांमागे कुरणात नेली. त्या वेळी कुणीतरी नक्की म्हणालं असेल, वारल्यांच्या पोरांचा इटलीशी काय संबंध?

शंकेखोर : वकिली चांगली करतेस. पण फरक बघ. ताराबाईंनी पद्धत घेतली आणि वस्तू इथल्या घातल्या. तू वस्तू तिकडची घेतलीस. बरं, ते सोड. मूळ गोष्टीलाच हात घालतो. हा पक्षी चिवटपणाचं प्रतीक कसा? वेत वाकवून सोडला की सरळ होतो, त्याला चिवट म्हण. कागद दुमडला की घडीवरचे तंतू मोडतात, मोडतात म्हणूनच घडी टिकते. उलगडून कितीही इस्त्री फिरव, रेघ राहते. जे एकदा मोडलं की पूर्वीसारखं होतच नाही, त्याला तू उभारीचं प्रतीक करतेस. एडवणच्या पावसाळ्यात दोन दिवस खिडकीत ठेव, दमट हवेने मान टाकेल. आणि ज्या गोष्टीवर हे सगळं उभं आहे ती तरी काय सांगते? सदाको सासाकी. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची. १९५५ मध्ये रक्ताचा कर्करोग. हजार पक्षी केले की इच्छा पुरी होते म्हणून घड्या घालत बसली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला गेली, बाराव्या वर्षी. पक्ष्यांनी तिला वाचवलं नाही.

चित्रकार : तुम्ही ती गोष्ट कशी ऐकलीत? सहाशे चव्वेचाळीस पक्षी झाले, मग ती गेली आणि मैत्रिणींनी उरलेले पुरे केले, अशी?

शंकेखोर : सगळे तशीच सांगतात.

चित्रकार : ती एलेनॉर कोअर यांच्या १९७७ च्या पुस्तकातली. मुलांसाठी लिहिलेली, रडवणारी आणि शेवटी समाधान देणारी. हिरोशिमाचं संग्रहालय आणि तिच्या घरचे वेगळं सांगतात. तिचे हजार पुरे झाले होते. आजार हटला नाही. तरी तिने पुढे घड्या घालणं सोडलं नाही. औषधांच्या पुड्यांचे कागद, भेटवस्तूंची वेष्टनं, जे मिळेल ते. पुढचे तर इतके चिमुकले की सुईच्या टोकाने दुमडलेले. मला पहिल्या गोष्टीपेक्षा ही दुसरी फार अवघड वाटते, सर. पहिलीत नशीब आड येतं, थोडी मुदत मिळाली असती तर नवस फळला असता असं म्हणायला जागा राहते. दुसरीत नवस पुरा झाला आणि देव बोलला नाही. त्यानंतरच्या पक्ष्याला काय म्हणायचं? तो कशासाठी होता? मावशीचा मुलगा बोटीवर गेला तो परतला नाही, त्यालाही बरीच वर्षं झाली. आशापुरी देवीला जे बोलायचं होतं ते तिने केव्हाच बोलून फेडलंय. मोबदला मिळणार नाही हे पक्कं ठाऊक असून ती रोज एक कागद दुमडते. तुम्ही म्हणालात घडी जात नाही. मला तेच तर काढायचंय. ती पूर्वीसारखी झालेली नाही, होणारही नाही. सरळ होणारा वेत तिच्या हातात दिला तर मी खोटं बोलेन.

   

शंकेखोर : हजारानंतरचा पक्षी. हे मी असं ऐकलं नव्हतं, आणि ऐकल्यावर मला तुझ्या चित्राची जास्त भीती वाटते. कारण बघणारा ते हजारानंतरचं बघणार नाही. हिरोशिमाच्या स्मारकाला दरवर्षी एक कोटीच्या आसपास कागदी पक्षी येतात, वजन दहा टनांच्या घरात. त्यांचं काय करायचं हा तिथल्या पालिकेपुढचा प्रश्न आहे. भूकंपानंतर छावण्यांत लोकांना अंथरूण-पांघरूण हवं असतं आणि टपालाने हजार पक्ष्यांच्या माळा येतात. जपानमध्येच लोक आता म्हणतात, बाबांनो, पक्षी पाठवू नका. २०२२ मध्ये युक्रेनच्या वकिलातीला माळा द्यायचं ठरलं तेव्हा तिकडे केवढी टीका झाली. पाठवणाऱ्याला हलकं वाटतं, घेणाऱ्याच्या घरात अडगळ होते. तुझं चित्र मुंबईच्या दालनात लागेल आणि तिथे नेमकं हेच होईल. एखादा गृहस्थ म्हणेल, 'काय जिद्द आहे या लोकांची!' आणि घरी जाईल. 'जिद्द आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायची गरज संपते. जिद्द लागते का, कुणामुळे लागते? एडवणहून किनाऱ्याने वर जा. केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, खाडी ओलांडून तारापूर. १९६९ पासून देशातलं पहिलं अणुवीजकेंद्र तिथे आहे. २००५-०६ मध्ये तिसरी-चौथी भट्टी सुरू झाली, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. शेजारच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यावरून मांगेला समाजाच्या परिषदेला हरित लवादाकडे जावं लागलं. त्याहून वर वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, शहात्तर हजार कोटींच्या वरचं बंदर, आणि कोळीवाडे गेली कित्येक वर्षं रस्त्यावर. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून जमीन थरथरत होती, लोक थंडीत तंबूत झोपले. त्यांच्या चिवटपणाचं कौतुक करणाऱ्यांची कधीच टंचाई नव्हती. घडी पडते तेव्हा कुणाचा तरी अंगठा कागदावर दाबलेला असतो. तुझ्या चित्रात तो अंगठा कुठे आहे?

चित्रकार : अणुभट्टी आणि बॉम्ब एका माळेत ओवायचे नाहीत, एवढं आधी ठरवू. हिरोशिमाचा पक्षी तारापूरजवळ काढला की लोक लगेच तशी जोडणी करतील, आणि ती चुकीची आहे. वीज आपण सगळेच वापरतो, मीही रात्री त्याच विजेवर रंगवते. पण अंगठ्याचं म्हणणं मला टाळता येत नाही. चित्रात सरकार कसं काढू? कंपनी कशी काढू? मागे क्रेन दाखवली, धुराडं दाखवलं, की झालं व्यंगचित्र. बाई पुन्हा कोपऱ्यात. व्यक्तिचित्राची ही मर्यादाच असेल कदाचित. एक चेहरा नीट बघायचा म्हटलं की बाकीचं जग चौकटीबाहेर राहतं.

शंकेखोर : मर्यादा म्हणून सोडून देऊ नकोस. पत्रिका आणि लाइटबिलाचे पक्षी म्हणालीस ना? मग कागद निवड. भूसंपादनाची नोटीस, बाजार समितीची पावती, डिझेलचं बिल. हे कागद तिच्या घरात येतात की नाही?

चित्रकार : येतात. पण तिने त्यांचे पक्षी केले नाहीत. असले कागद ती डब्यात जपून ठेवते, ते लागतात. दुमडून खेळायला तिच्याकडे निरुपयोगी कागदच येतो. मी नोटिशीचा पक्षी काढला तर चित्र हुशार दिसेल, पण ते मी रचलेलं असेल. मात्र डबा काढता येईल. ओटीवर तिच्या मागे पत्र्याचा डबा, झाकण बंद.

शंकेखोर : बंद डबा कुणाला कळणार?

चित्रकार : पोफरणच्या माणसाला कळेल. आणखी एक सुचतंय, ते ऐका. १७९७ मध्ये जपानात एक पुस्तक निघालं, त्यात एकाच कागदाला चिरा देऊन एकमेकांना जोडलेले पक्षी करायची रीत आहे. चोचीला चोच, पंखाला पंख. मध्ये जोड राहतो तो तांदळाच्या दाण्याएवढा. चीर किंचित पुढे गेली की पक्षी गळून पडतो. सुटे पक्षी उडवण्याऐवजी मी असे चोचीला चोच धरलेले दोन दाखवले तर? दोरीवर.

शंकेखोर : म्हणजे बोंबीलच की!

चित्रकार : तुमचेच बोंबील. फक्त ओळखायला क्षणभर वेळ लागेल असे.

शंकेखोर : आता मला विरोध करायला जड जातंय, म्हणून एक जुना प्रश्न विचारतो. तिला विचारलंस? पूर्वी व्यक्तिचित्र काढून घेणारा शेठ पैसे मोजायचा आणि सांगायचा, मागे पुस्तकांचं कपाट दाखवा, हातात घड्याळ दाखवा. वाचलेलं एक पुस्तक नसायचं, पण चित्रात कसं दिसायचं हा त्याचा हक्क होता. गरिबाचं चित्र काढताना तो हक्क आपण परस्पर आपल्याकडे घेतो. पक्षी तुझे, बोंबील माझे. तिचं काय?

चित्रकार : विचारलं. तिला टोपली नकोय, पक्ष्यांशी देणंघेणं नाही. भाचीच्या लग्नात नेसलेलं जरीचं लुगडं आणि गळ्यात सगळं सोनं, एवढंच तिचं म्हणणं. मला आधी वाईट वाटलं. मग ध्यानात आलं की त्या सोन्याचा हिशेब माझ्या कुठल्याही प्रतीकापेक्षा खरा आहे. जून-जुलैचे एकसष्ट दिवस मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, जाळी शिवायची, इंजिनाचं काम काढायचं. तेव्हा हार पतपेढीत गहाण जातो. नारळी पौर्णिमेनंतर बोंबील लागला की सोडवून आणायचा. कधी दोन हंगाम अडकून पडतो. तो गळ्यात आहे याचा अर्थ यंदा ती तरली.

शंकेखोर : मग झालं! हार काढ आणि पक्षी पुसून टाक. गावच्या प्रत्येक बाईला ते चित्र वाचता येईल.

चित्रकार : आणि मुंबईच्या दालनात? हार बघून लोक म्हणतील, कोळणींकडे सोनं काय कमी असतं! पक्षी बघून म्हणतील, किती आशावादी. दोन्ही वाचनं चुकीचीच. त्यातलं कुठलं चुकीचं वाचन मी पत्करायचं?

शंकेखोर : तिला जे चालेल ते. चित्र आधी तिच्या ओटीवर टांग. दालनाचं नंतर बघू.

चित्रकार : आणि तिने पक्षी खोडायला लावले तर?

शंकेखोर : खोडायचे.

चित्रकार : हातातला एक तरी ठेवीन, सर. तिचा रंग ज्याच्यावर पडलाय तो.

शंकेखोर : मग ते चित्र तिचं राहिलं नाही, तुझं झालं.

चित्रकार : खाली सही माझीच असणार आहे. तिची कशी घ्यायची, ते सांगा.